तिसरा रिकामा रकाना

बारा मेला सकाळी सहा वाजता पाटाच्या सतरा नंबरच्या दारातून शेतांना पाणी सुटणार होतं. तसा कागद लावलेली पाटी आळीतून घरोघर फिरली होती. हिरानुमांच्या घरी आली तेव्हा तोकुजी हिरानुमांनी चष्मा लावून कागद वाचला, खाली आपला शिक्का उमटवला आणि पाटी शेजारी नेऊन दिली. बारा तारखेला पावणेसहाला ते गुडघ्यापर्यंतचे गमबूट चढवून बांधावर जाऊन उभे राहिले. सातलाही उभेच होते.

त्यांची बायको मित्सुए डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली आली. "आलं का?"

"येईल."

"कागदावर सहा होतं."

"सोडलं तरी पोचायला वेळ लागतो."

पाटाचं दार त्यांच्यापासून चाळीस पावलांवर होतं. मित्सुएने खाली वाकून एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबलं. त्याचा भुगा झाला.

त्यांची पाच खाचरं होती, एकाखाली एक, डोंगराच्या कुशीला. नांगरणी होऊन दहा दिवस झाले होते. पाणी आलं की दोन दिवस चिखलणी, मग चिखल बसायला तीन दिवस, मग लावणी. प्लॅस्टिकच्या मांडवात रोपांचे चारशे वीस ट्रे मांडलेले होते आणि रोपं वीतभर झाली होती. ट्रेमधल्या रोपाला वाट बघायची सवय नसते. आठवडाभर ते सोसतं, मग शेंड्याकडून पिवळं पडायला लागतं.

गेल्या शरद ऋतूपर्यंत दार हाताने उघडायचे. लोखंडी चाक होतं, ते फिरवलं की फळी वर सरकायची. मग गावातल्या त्रेचाळीस दारांना मोटारी बसल्या, चाकांना साखळ्या आणि कुलुपं लागली, किल्ल्या नगर कार्यालयाच्या तिजोरीत गेल्या. आता कार्यालयातला कॉम्प्युटर जमिनीची वही बघायचा आणि जिथे जितकी लागवड तितकं पाणी सोडायचा. उद्घाटनाला सगळ्यांना लाल पांढरे लाडू मिळाले होते. हिरानुमांना मिळाले नव्हते, कारण ऑक्टोबरात तोकुजींची आई गेली होती आणि सुतकाच्या वर्षात शुभकार्याला जात नाहीत. शेजाऱ्यांनी त्यांचा वाटा आणून दिला नाही, हीही रीतच होती.

तेरा तारखेलाही पाणी आलं नाही. वरच्या सोळा नंबरखाली आलं होतं, तिथे बेडूक ओरडत होते. तोकुजी ते ऐकत बसले.

संध्याकाळी जेवताना त्यांनी मुलीला सांगितलं, "सतराला पाणी नाही."

चिनात्सु, वय चौतीस, नगर कार्यालयात नोकरीला होती. तिने मिसोचं सूप खाली ठेवलं. "मोटार बिघडली असेल. इगारीकाकांना विचारा."

"तू कॉम्प्युटर बघतेस ना?"

"मी कॉम्प्युटर बघते, बाबा. पाणी इगारीकाका बघतात."

हे अगदी खरं होतं. एक एप्रिलला कार्यालयात बदल्या होतात. कोणी एका कामात रुळू नये म्हणून तीन वर्षांनी उचलून दुसरीकडे ठेवतात. चिनात्सु तीन वर्षं शाळांच्या जेवणघरात होती. कुठल्या शाळेला किती भात लागतो, कुठल्या वर्गात अंड्याने कोणाच्या अंगावर पुरळ उठतं, हे तिला तोंडपाठ झालं होतं. म्हणून यंदा तिला माहिती-कक्षात नेलं. माहिती-कक्षात ती एकटीच होती, त्यामुळे तिला प्रमुख म्हणत.

चौदा तारखेला तोकुजी इस्त्रीचा शर्ट घालून कार्यालयात गेले. तळमजल्यावर पाण्याची खोली. इगारी दोन पडद्यांसमोर बसून चहा पीत होता.

"सतरा नंबरखाली लागवड नाही," इगारी म्हणाला.

"माझी पाच खाचरं आहेत तिथे."

"मला माहीत आहे, तोकुजीदादा. तुमच्या चौथ्या खाचरात मी लहानपणी पडलोय. पण इथे लागवड नाही."

"मग इथलं चुकलंय."

"इथलं चुकत नाही. इथे नसलं की नसतं."

तोकुजींनी खिडकीकडे बोट केलं. डोंगराच्या कुशीची पाच खाचरं तिथून स्वच्छ दिसत होती. मित्सुए वरच्या बांधावर गवत कापत होती, तिचा पांढरा टॉवेलही दिसत होता.

इगारीने खिडकीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "दिसतायत," तो म्हणाला. "पण खिडकीवरून पाणी सोडता येत नाही."

"मग पाटी कशी फिरली? सहा वाजता म्हणून?"

"तो कागद गेल्या वर्षीचा. तारीख बदलून छापतो आम्ही. दारं कागदावर चालत नाहीत ना आता."

तोकुजी उठेनात, तेव्हा इगारीला अवघडल्यासारखं झालं. त्याने चार बटणं दाबली. "बघा, माझ्या हातात एवढंच आहे. चाचणी म्हणून दार उघडतं. दहा मिनिटांनी आपोआप बंद होतं."

"दहा मिनिटांत काय होतं?"

"चाचणी होते," इगारी म्हणाला.

दहा मिनिटांचं पाणी पहिल्या खाचराच्या कोपऱ्यात शिरलं आणि मुरलं. मित्सुएने ते पाहिलं, विळा टाकून धावत दारापाशी आली. तोवर मोटार कुरकुरून फळी खाली बसली होती.

इगारीने तोकुजींना वर पाठवलं, वहीचं काम वर असतं म्हणून. वर काउंटरच्या पलीकडे चिनात्सु होती. कार्यालयात नातं चालत नाही. नागरिकाशी बोलायची भाषा ठरलेली असते आणि मागे बसलेले तिचे वरिष्ठ आकुत्सुसाहेब ती कान देऊन ऐकतात. तोकुजींनाही ते कळत होतं. त्यांनी हातातली टोपी काउंटरवर ठेवली, मग ठेवू नये असं वाटून परत हातात घेतली.

"आपलं काम काय आहे, हिरानुमासाहेब?" चिनात्सुने विचारलं.

"माझ्या जमिनीवर लागवड नाही असं आपल्या वहीत आहे. ते बघावं, अशी विनंती होती."

"कृपया बसावं. बघते."

वीस मिनिटं ते बाकावर बसले, गुडघे जुळवून. डबा देताना सकाळी तिने त्यांना, 'बाबा, नाकातले केस कापा' म्हटलं होतं.

चिनात्सुला पडद्यावर सापडलं ते असं: हिरानुमा तोकुजी, पाच खाचरं, आणि 'सध्या लागवड नाही' या रकान्यात एक काळा ठिपका. तिने आणखी शोधलं. असे ठिपके अकरा घरांना होते. अकरा हा आकडा तिला ओळखीचा वाटला.

एप्रिलच्या मध्यावर कॉम्प्युटरमधली जुनी वही नव्यात गेली होती. शहरातल्या कंपनीची दोन माणसं आली होती, दोघं काळ्या कोटात. जुन्या वहीत शेवटी तीन रिकामे रकाने होते, नाव नसलेले. तिसऱ्यात अकरा ठिपके होते. हे काय, असं त्यांनी विचारलं. चिनात्सुने आधीच्या माणसाने दिलेला कामाचा कागद काढला. एकच पान होतं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं, आणि त्यात सातव्या ओळीवर लिहिलं होतं: 'तिसरा रिकामा रकाना: जपून हाताळणे.' तिने तसं सांगितलं. नव्या वहीत रिकामे रकाने नव्हते. ठिपका बसेल असा एकच रकाना होता, त्यात कंपनीच्या माणसांनी ते बसवले. चिनात्सुने मोजले. आधी अकरा, नंतर अकरा. एकही सांडला नव्हता. तपासणीच्या कागदावर तिने शिक्का मारला, रीतीप्रमाणे थोडा डावीकडे झुकलेला, म्हणजे शेजारच्या आकुत्सुसाहेबांच्या शिक्क्याला नमस्कार केल्यासारखा दिसेल असा. आकुत्सुसाहेब म्हणाले होते, "जेवणघरातली शिस्त कामी आली."

पंधराला जेवणाच्या सुट्टीत ती मेगुरोकाकांकडे गेली. जुनी वही त्यांनी बांधली होती, पंचवीस वर्षांपूर्वी, एकट्याने. त्या काळी बदल्यांमध्ये त्यांचं नाव विसरलं जायचं, म्हणून ते टिकले. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. आता देवदारांच्या सावलीत ओंडके लावून अळंबी पिकवत होते.

"तिसरा रकाना?" ते एका ओंडक्यावर हातोडीने ठोकत म्हणाले. हादरा बसला की अळंबी जागी होते असं त्यांचं मत होतं. "बेचाळीस पानं लिहून दिली होती मी. सतराव्या पानावर आहे."

"माझ्याकडे एक पान आलं, काका."

"एक?"

"तुमच्या नंतरच्यांनी बेचाळीसची आठ केली. त्यांच्या नंतरच्यांनी दोन."

मेगुरोकाकांनी हातोडी खाली ठेवली. "जपून, एवढं तरी राहिलं का त्यात?"

"तेवढंच राहिलं."

ते ओंडक्यावर बसले. मग त्यांनी सांगितलं. नगराध्यक्ष दरवर्षी सगळ्या शेतकऱ्यांना नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र पाठवतात. एका वर्षी ते अशा घरी गेलं जिथे दोन आठवड्यांपूर्वी थोरला मुलगा गेला होता. 'आपल्या घरी आनंद नांदो.' त्या घरातली म्हातारी ते पत्र घेऊन कार्यालयात आली. ओरडली नाही. पत्र काउंटरवर ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि गेली. "त्यानंतर मी रिकाम्या रकान्यात ठिपका द्यायला लागलो. ज्या घरी सुतक, तिथे ठिपका. ठिपका असला की पत्र छापायचं नाही. एवढंच."

"आणि वर्ष सरल्यावर?"

"काढायचा."

"अकरा आहेत, काका. गेल्या वर्षी गावात आमची आजी धरून तिघं गेली."

मेगुरोकाकांनी ओंडक्याची साल नखाने खरवडली. "काढायचं अठराव्या पानावर होतं," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर चिनात्सुने सायकल हाताने ढकलत नेली. घरोघरची सुतकं तिने जपून, मोजून, एकही न सांडता, पडीक जमीन करून टाकली होती. बाकीच्या दहा घरांच्या दारांवर इतरांचीही शेतं होती, म्हणून त्यांना पाणी येत होतं, फक्त कमी. त्यांच्यापैकी कोणी तक्रार केली नव्हती. यंदा बर्फ कमी पडलं असणार, अशी त्यांनी आपली समजूत घातली होती. सतरा नंबर एकट्या हिरानुमांचं होतं, म्हणून तिथे काहीच येत नव्हतं.

आकुत्सुसाहेबांनी सगळं ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या निवृत्तीला दहा महिने होते. त्यांनी खणातून एक अर्ज काढला.

"वहीतली नोंद बदलायची तर कंपनीला हा पाठवायचा. कारणं चार आहेत. पहिलं, नोंद चुकीची होती. ते असलं तर त्याच दिवशी बदलतात. चौथं, इतर. त्याला तीन आठवडे."

"पण नोंद चुकीची नव्हती. रकाना चुकीचा होता."

"तो पाचवा प्रकार झाला. पाचवा नाही." त्यांनी चष्मा पुसला. "अकरा घरांकडून अकरा अर्ज घ्या. नोंद चुकीची होती, खाली शिक्का. कोणाला काही सांगायची गरज नाही. तुमच्या तपासणीच्या कागदालाही कोणी हात लावणार नाही."

"आजी खरंच गेली, साहेब."

"मला माहीत आहे. मी आलो होतो अंत्यविधीला."

सोळा तारखेला सकाळी तोकुजी पुन्हा त्याच शर्टात आले. मांडवातली रोपं मधल्या रांगांत पिवळी पडायला लागली होती; मित्सुए रात्री उठून ट्रे फिरवत होती, जणू जागा बदलल्याने रोपांना काही कळणार नव्हतं. चिनात्सुने काउंटरवर अर्ज ठेवला आणि सगळं समजावून सांगितलं, ठरलेल्या भाषेत. तिला मनातून वाटत होतं, बाबांनी शिक्का मारावा आणि हे संपावं. त्याची तिला लाजही वाटत होती.

तोकुजींनी अर्ज दोनदा वाचला.

"म्हणजे घरात मरण झालं, म्हणून ठिपका."

"हो."

"आणि तो ठिपका चुकीचा होता, असं मी लिहून द्यायचं."

"तसा अर्थ होतो, हिरानुमासाहेब."

"मी सत्तर घरांना पत्रं टाकली होती डिसेंबरात. यंदा आमच्याकडे सुतक आहे, शुभेच्छा नकोत म्हणून. हाताने लिहिली. ती मग कशाला टाकली?"

मागून आकुत्सुसाहेब म्हणाले, "कागदापुरतं आहे हो."

"कागदापुरतं," तोकुजी म्हणाले. त्यांनी खिशातून शिक्का काढला, शाईच्या डबीवर दाबला, अर्जावर धरला. बराच वेळ धरला. शाई टोकाशी जमून एक थेंब कागदावर पडला. मग त्यांनी रुमालाने शिक्का पुसून खिशात ठेवला. "उद्या येतो. घरी विचारतो."

"रोपं उद्यापर्यंत..." चिनात्सु म्हणाली, आणि थांबली, कारण हे ठरलेल्या भाषेत बसत नव्हतं.

"तुम्ही तुमचं काम केलंत," ते म्हणाले आणि वाकून गेले.

त्यांनी 'तुम्ही' म्हटलं यात काही नवं नव्हतं. तरी तो शब्द मनात घेऊन ती जागेवर येऊन बसली. समोर फळीवर एक पुस्तक होतं, 'नगर कार्यालयातील माहिती-व्यवस्थापन: योग्य पद्धती'. जिल्ह्याने दिलेलं, चौसष्ट पानी. त्याच्याबद्दल त्यांच्या हिनोतानि गावाला प्रशस्तिपत्रक मिळालं होतं, पुस्तक स्वीकारल्याबद्दल. प्रशस्तिपत्रक भिंतीवर होतं. पुस्तकाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. चिनात्सुने ती नखाने सोडवत वाचायला घेतली. बरंचसं तिला कळलं नाही. एक वही, एक जबाबदार माणूस. रकान्याला नाव नसेल तर तो वापरू नये. नवी वही लागू करण्याआधी ज्यांची नोंद आहे त्यांना दाखवावी. हे वाचून तिला हसूही येईना. एक्केचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं: वही विश्वासार्ह नाही असं लक्षात आल्यास जबाबदार व्यक्तीने तिच्यावर चालणारी यंत्रणा थांबवावी, काम हाताने सुरू करावं, आणि कारण लेखी जाहीर करावं. यासाठी वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहू नये.

हे तिने तीनदा वाचलं. मग पुस्तक उघडं धरून आकुत्सुसाहेबांच्या टेबलाशी गेली.

"त्रेचाळीस दारं आहेत," ते वाचून म्हणाले. "लोकांना पहाटे उठून चाकं फिरवावी लागतील. तीन आठवडे. रोज दोन वेळा."

"हो."

"कारण लिहावं लागेल. कारणाखाली नाव."

"माझं आहे."

"तुमच्या वडिलांच्या शेतासाठी केलं म्हणतील."

"म्हणतील," चिनात्सु म्हणाली. "खरंही असेल. मला नक्की सांगता येत नाही."

आकुत्सुसाहेबांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ उलटून पाहिलं, जणू ते दुसऱ्याच कुठल्या गावाचं निघेल. मग ते म्हणाले, "मी जेवायला जातोय," आणि गेले. ती परवानगी होती की नाही हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही नाही.

दुपारी गावातल्या भोंग्यांवरून तिचाच आवाज घुमला. पाण्याची यंत्रणा बंद केली आहे. कारण, अकरा घरांच्या नोंदी चुकीच्या रकान्यात गेल्या. तपासणी माहिती-कक्षाच्या हिरानुमा चिनात्सु यांनी केली होती. दारं हाताने उघडावीत. किल्ल्या काउंटरवर मिळतील.

तासाभरात काउंटरपुढे रांग लागली. ती प्रत्येकाला किल्ली देत होती आणि प्रत्येकापुढे वाकत होती.

"बापाची पाच खाचरं भिजावीत म्हणून गावाचे खांदे उतरवणार का?" पहिल्याने विचारलं.

"माफ करा."

"लग्न करून गेली असतीस तर आज आम्ही सुखाने झोपलो असतो," दुसरा म्हणाला.

"माफ करा."

"माफीने चाक फिरतं का?" तिसरा म्हणाला, पण किल्ली घेताना त्याने तिला एक संत्रं दिलं, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रांगेच्या शेवटी हात्सुएआजी होती, काठी टेकत. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. "माझ्या नावापुढे अजून सुतकाचा ठिपका आहे म्हणतात?"

"हो आजी. चूक झाली. काढते मी."

"म्हणूनच पत्र यायचं बंद झालं होय." आजीने काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटायचं, नगराध्यक्ष रागावले. आणि ते नऊ वर्षं माझं सुतक पाळत होते तर." ती हसली की नाही हे चिनात्सुला ओळखता आलं नाही. "काढ बाई. पण एकदम नको काढू."

चारला तळमजल्यावरून इगारी वर आला. त्याचे दोन्ही पडदे काळे झाले होते. "मी आता काय करू?" त्याने विचारलं.

"दारं बघायची, काका. फिरून."

"चालत?"

"चालत."

तो खिडकीशी जाऊन बराच वेळ बाहेर बघत राहिला.

सतरा नंबरच्या दाराशी ती पोचली तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. तोकुजी आणि मित्सुए आधीच येऊन उभे होते. मित्सुए म्हणाली, "ऐंशी ट्रे गेल्यात जमा. बाकीचे लागतील, पातळ लावावे लागतील." चिनात्सुने कुलूप काढलं, साखळी सोडली. चाक थंड होतं आणि गंजाने तळवे लाल होत होते. पहिला वेढा तोकुजींनी अंग टाकून फिरवला, मग तिने धरलं. फळीखालून आधी चिखल आला, मग काड्या, मग वितळलेल्या बर्फाचं गढूळ पाणी पहिल्या खाचरात पसरत गेलं आणि ढेकळं एकेक करून बसायला लागली. ती चाक फिरवत राहिली.

"बास," तोकुजी म्हणाले. "बावीस झाले. आता अर्धा वेढा मागे."

"मागे का?"

"आई तसं करायची."

"पण का?"

तोकुजींनी पाण्याकडे बघत विचार केला. "कधी विचारलं नाही."

चिनात्सुने हात पँटला पुसले, खिशातून वही काढली आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं: 'सतरा नंबर. उघडायला बावीस वेढे, मग अर्धा मागे. कारण माहीत नाही. बदलण्याआधी विचारणे.'

तोकुजी मान वाकवून वाचत होते. "विचारायचं कोणाला?"

तिने 'माहिती-कक्ष प्रमुख' असं लिहिलं. त्याकडे क्षणभर पाहिलं आणि ते खोडलं. खाली स्वतःचं नाव लिहिलं, आणि घरचा फोन नंबर. मग वही खिशात घालून दोन्ही हातांनी चाक धरलं आणि अर्धा वेढा मागे फिरवला.